मोजणीतून निसटलेली पावले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर बोलणारे अधिकारी वक्ते मंडळाला लाभले. त्यांच्यामागून ‘नगरवाहतुकीच्या नियोजनात पादचारी आणि सायकलस्वार’ असा रुक्ष वाटणारा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु मंडळाच्या जन्मकथेशी या विषयाचे नाते आहे, आणि आज समोर बसलेल्यांपैकी ज्येष्ठांना ते ठाऊक आहे. १९७५ साली हे मंडळ स्थापन झाले तेव्हा मंडळापाशी ना जागा होती, ना निधी. होत्या त्या पाचसहा सायकली. कचेरी सुटल्यावर नेताजीनगर, सरोजिनीनगर आणि रामकृष्णपुरम् येथील सरकारी क्वार्टरांतून मराठी नावाच्या पाट्या शोधीत हिंडावयाचे, दार वाजवावयाचे आणि वर्गणीची पावती फाडावयाची, हा त्या संस्थापकांचा क्रम होता. आमचे वडील, ज्यांना आपण सर्व अण्णा म्हणून ओळखता, त्यांपैकी एक. तेव्हा हे मंडळ पायी आणि सायकलीवर उभे राहिले, असे म्हटल्यास ते केवळ अलंकारिक ठरू नये.

प्रारंभीच एक कबुली देणे इष्ट. आम्ही अभियंता नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालेले केंद्र सरकारचे एक अधिकारी आहोत. वाहतूकशास्त्र आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही, ते फायलींतून शिकलो. नोकरीच्या ओघात नगरवाहतुकीचे प्रस्ताव, अहवाल आणि कोष्टके आमच्या मेजावरून जाऊ लागली. न समजलेल्या कागदावर सही करणे बरे नव्हे, म्हणून ती समजून घेण्याचा आम्ही छंद लावून घेतला. त्या छंदातून जे हाती लागले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

शहरात नवा रस्ता, उड्डाणपूल वा मेट्रोमार्ग हवा किंवा नको हे ठरविताना आज जगभर एका गणिती प्रतिमानाचा, ज्याला अभियंते मॉडेल म्हणतात त्याचा, आधार घेतला जातो. त्याचा उगम अमेरिकेत झाला. १९५३ पासून डेट्रॉइट शहरात आणि १९५५ पासून शिकागोत ज्या मोठ्या वाहतूक-पाहण्या झाल्या, त्यांतून त्याचा साचा तयार झाला. दोहोंचे सूत्रचालक जे. डग्लस कॅरोल हे होते. या साच्याला चार पायऱ्या असतात. शहराचे लहानलहान विभाग पाडावयाचे आणि प्रत्येक विभागातून रोज किती प्रवास निघतात ते काढावयाचे, ही पहिली पायरी. ते प्रवास कोणत्या विभागाकडे जातात हे ठरविणे ही दुसरी. येथे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखेच सूत्र वापरतात: विभाग जितका मोठा तितकी त्याची ओढ अधिक, आणि अंतर जितके जास्त तितकी ती कमी. त्यांपैकी किती लोक मोटारीने, किती बसने, किती अन्य साधनाने जातील, ही तिसरी. आणि त्या सर्वांना नकाशावरील रस्त्यांवर वाटून देणे, ही चौथी. अखेरीस कोणत्या रस्त्यावर वीस वर्षांनी किती गर्दी होईल याचा अंदाज निघतो, आणि त्यावरून रस्त्याची रुंदी ठरते.

युक्ती मोठी नामी आहे यात शंका नाही. ती ज्या देशात जन्मली तेथे त्या काळी प्रश्नही तसाच होता: घरोघर मोटार आली आहे, तर महामार्ग किती रुंद बांधावा? १९५६ साली अमेरिकेने महामार्गांचा प्रचंड कायदा केला, त्याच वातावरणातले हे अपत्य. चालणाऱ्याचा विचार त्यात नव्हता, कारण प्रश्नच त्याच्यासाठी विचारलेला नव्हता. पुढे हाच साचा सर्व जगात गेला, आमच्याकडेही आला, आणि ज्या शहरांत बहुसंख्य माणसे पायी वा सायकलीने कामावर जात होती त्या शहरांना तो लावण्यात आला.

या साच्यातून चालणारा माणूस निसटतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. त्याला कोणी हेतुपुरस्सर हाकलीत नाही. तो चाळणीच्या छिद्रांतून गळतो, इतकेच. पहिले छिद्र विभागांचे. घरापासून शाळा, दूधकेंद्र, भाजीबाजार, देऊळ हे प्रवास बहुधा एकाच विभागाच्या पोटात सुरू होतात आणि तेथेच संपतात. नकाशावरील रस्त्यांवर मात्र फक्त एका विभागातून दुसऱ्यात जाणारे प्रवासच वाटले जातात. विभागातल्या विभागात चाललेली पावले चौथ्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत.

दुसरे छिद्र ‘मुख्य साधन’ या शब्दाचे. एखादी भगिनी घरातून निघून बसथांब्यापर्यंत चालत जाते, बसने जाते, उतरून पुन्हा कचेरीपर्यंत चालते. नोंदवहीत तिचा प्रवास ‘बस’ एवढाच उरतो. वास्तविक बसचा वा मेट्रोचा प्रत्येक प्रवासी हा दोन्ही टोकांना पादचारीच असतो. परंतु ती दोन टोके मोजणीत नाहीत, म्हणून पदपथाच्या अंदाजपत्रकातही ती येत नाहीत.

तिसरे छिद्र प्रश्नपत्रिकेचे. घरोघर जाणारा प्रगणक कुटुंबप्रमुखाला विचारतो, ‘काल घरातील कोण कोठे गेले होते?’ कुटुंबप्रमुख स्वतःची कचेरी सांगतो, मुलाचे कॉलेज सांगतो. पत्नी सकाळी मुलाला शाळेत सोडून आली, दुपारी रेशनच्या दुकानात गेली, सायंकाळी भाजी घेऊन आली, हे त्याला आठवत नाही. आठवले तरी ते ‘जाणे’ आहे असे त्याला वाटत नाही. आणि कित्येक पाहण्यांत तर अगदी जवळचे पायी प्रवास नोंदवू नयेत अशी सूचनाच असते. अशा रीतीने स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची पावले सर्वांत आधी गळतात.

चौथे छिद्र एककाचे. रस्त्यावरील निरनिराळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांकरिता जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मोटारगाडी म्हणजे १ धरून इतरांची किंमत ठरविली आहे. सायकलीचे प्रमाण कमी असेल तेथे तिची किंमत ०.४, अधिक असेल तेथे ०.५. बस व ट्रक यांची त्याचप्रमाणे २.२ अथवा ३.७. हे माप वाहन रस्त्यावर किती अडथळा करते याचे आहे, त्यातून किती माणसे जातात याचे नव्हे. पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची मोटार यांतील खरा फरक या कोष्टकात दिसत नाही. आणि पादचाऱ्याला तर या कोष्टकात ओळच नाही.

येथे आमचा स्वतःचा दोष सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, कक्ष अधिकारी असताना, एका शहराच्या वाहतूक-पाहणीचा गोषवारा आमच्याकडे आला. कोष्टक पानात मावत नव्हते. ‘पायी’ आणि ‘सायकल’ हे दोन रकाने ‘इतर’ या एका रकान्यात मिळवावे, अशी टिप्पणी आम्हीच लिहिली, आम्हीच त्यावर सही केली आणि ती विनाचर्चा मान्य झाली. कोणीही विचारले नाही की त्या कोष्टकातील सर्वांत मोठा आकडा ‘इतर’ या नावाखाली कसा आला. काही महिन्यांनी अहवालाच्या अखेरच्या मसुद्यात पाहिले, तर ‘इतर’ हा रकानाही गेला होता, आणि उरलेल्या वाहनांची बेरीज शंभर टक्के करून ठेवली होती. त्या दिवशी आम्हांस प्रथम कळले की माणसे कागदावरून कशी नाहीशी होतात. त्यासाठी कोणाचे दुष्टत्व लागत नाही; पानाची रुंदी पुरते.

ती माणसे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतील कामगार वगळून उरलेल्या सुमारे २० कोटी कामकऱ्यांना, ते कामावर कसे जातात, असे विचारले होते. त्यांपैकी सुमारे ४.५ कोटी पायी आणि सुमारे २.६ कोटी सायकलीने जाणारे निघाले. मोटार, जीप वा व्हॅनने जाणारे सुमारे ५४ लाख, म्हणजे शंभरात तीनही नव्हेत. काही लोकांना कामासाठी घराबाहेर जावेच लागत नाही. ते सोडले तर जे खरोखर प्रवास करतात त्यांतील सुमारे निम्मे स्वतःच्या पायांच्या बळावर जातात. आणि हे फक्त कामावर जाणाऱ्यांचे झाले. शाळेत जाणारी मुले, बाजारहाट करणाऱ्या गृहिणी, फिरावयास निघालेले निवृत्त गृहस्थ यांची या आकड्यांत गणतीच नाही. त्यानंतरची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे देशव्यापी आधार म्हणून आजही याच आकड्यांकडे वळावे लागते.

दुसऱ्या बाजूला एक आकडा असा आहे की तो मात्र काटेकोरपणे मोजला जातो. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रोज सुमारे नव्वद. आपल्या दिल्लीत तर रस्त्यावर मरणाऱ्या दर दहांपैकी सुमारे चार पादचारी असतात. जिवंतपणी ज्याची नोंद नियोजनाच्या वहीत झाली नाही, त्याची नोंद पोलिसांच्या वहीत होते. आम्हांस हा आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष वाटतो.

आता नियमांकडे वळू. वसाहतीतील एखाद्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी संरक्षित ओलांड हवा की नको, हे ठरविण्याचे एक सूत्र आपल्याकडे दीर्घकाळ प्रचारात आहे. तासाला ओलांडणाऱ्यांची संख्या घ्यावी आणि तिला तासाच्या वाहनसंख्येच्या वर्गाने गुणावे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, दुभाजक असेल तर वीस कोटींच्या वर गेला, तर ओलांड द्यावा. समजा, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तासाला हजार वाहने जातात. तर शंभर माणसांनी ओलांडले पाहिजे. पण रस्ता भीतिदायक झाल्यामुळे साठच धजावली, तर गुणाकार सहा कोटी भरतो आणि ओलांड नामंजूर होतो. जी चाळीस माणसे भिऊन घरी बसली, त्यांची भीती हाच वास्तविक ओलांडाचा सर्वांत बळकट पुरावा. परंतु सूत्रात भीतीला अक्षर नाही. जेथे घाटच बांधलेला नाही तेथे स्नानास येणारी माणसे मोजावी आणि ‘येथे घाटाची आवश्यकता दिसत नाही’ असा शेरा मारावा, त्यातलाच हा प्रकार.

सायकलीचेही असेच. १९६२ च्या शिफारशींनुसार, रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटारवाहने असतील तर गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र सायकलमार्ग समर्थनीय ठरतो. त्या काळाचा विचार करता ही शिफारस उदार होती. परंतु साठ वर्षांत मार्ग बांधले गेले नाहीत, वाहने दोनशेवरून हजारोंवर गेली, आणि सायकलस्वार जिवाच्या भयाने रस्ता सोडून गेले. आज मोजावयास गेलो तर शंभर भरत नाहीत, म्हणून मार्ग नको. अण्णा नेताजीनगरहून शांतिपथावरून तीन मूर्तीला वळसा घालून कृषी भवनात सायकलीने जात. तेथील सायकल-स्टँडवर लवकर न पोचल्यास सायकल लावण्यास जागा मिळत नसे, आणि सायंकाळी पाच वाजता सचिवालयातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. तो लोंढा कोणी बंद केला नाही; त्याच्या पायांखालची जागा तेवढी काढून घेतली.

आणि आता अण्णांच्याच एका प्रवासाविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि हे सांगावयास त्यांनी परवानगी दिली आहे.

अण्णा आमच्यापाशी रामकृष्णपुरम् येथे राहतात. मंडळाचा गणेशोत्सव सरोजिनीनगरच्या बाजूला होतो, हे आपण जाणताच. मध्ये वर्तुळमार्ग आहे. अण्णांच्या उमेदीत तो हातात सायकल धरून ओलांडता येत असे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी दिल्लीत उड्डाणपूल आले, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी आणखी आले, आणि मार्ग उत्तरोत्तर अखंड, सिग्नलविरहित होत गेला. अशा रस्त्यावर वाहने इतकी असतात की मघाचे सूत्र मूठभर पादचाऱ्यांवरही उत्तीर्ण होते. परंतु उत्तीर्ण झाल्यावर वाहने थांबवावयाची की माणसाला वर चढवावयाचे, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर ठरलेले आहे. पूल झाला. एका बाजूला चव्वेचाळीस पायऱ्या, तितक्याच दुसऱ्या बाजूला. उद्वाहन आहे, परंतु ते बहुधा बंद असते.

काही वर्षे अण्णा मध्ये दोनदा थांबून तो पूल चढले. मग एके वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हांस बोलावून वर्गणीचे पाकीट हातात दिले आणि म्हणाले, “मंडळाची वर्गणी चुकवायची नाही. पण मी आता येणार नाही. पायऱ्या माझ्या राहिल्या नाहीत.” ज्यांनी घरोघर जाऊन हे मंडळ जमविले, त्यांना आपल्याच मंडळाच्या आरतीला येता आले नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे ते आले नाहीत. आम्ही त्यावेळी समजूत घातली की वयच झाले आहे. वास्तविक त्यांचे वय एका रात्रीत वाढले नव्हते, आणि घरापासून मंडपापर्यंतचे अंतरही तितकेच होते.

आज ते आले आहेत, ते आपल्या एका तरुण सभासदाच्या मोटारीतून. पायी जे अंतर एक किलोमीटरही नाही, त्यासाठी मोटारीला दूरच्या वळणावरून फिरून यावे लागले. आता उद्या जर एखादा प्रगणक आमच्या घरी आला, तर तो लिहील: ‘वय शहाऐंशी, प्रवासाचा हेतू सामाजिक, साधन मोटारगाडी.’ तो प्रवास प्रतिमानात शिरेल आणि सांगेल की मोटारप्रवासाची मागणी वाढते आहे, वृद्धांतही वाढते आहे, तेव्हा रस्ता रुंद करा. रस्ता रुंद झाला की आणखी एका अण्णांचे चालणे बंद होईल, आणि त्यांचीही नोंद मोटारगाडीत होईल. सज्जनहो, आमच्या भाषणाचे सार एवढेच आहे. माणसाला काय हवे होते ते मोजणीत येत नाही. रस्त्याने त्याला काय करणे भाग पाडले, ते येते. आणि त्यालाच आपण त्याची निवड म्हणतो.

यावर उपाय नाही असे नाही. चालण्याचेही शास्त्र आहे. १९७१ साली जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने पादचाऱ्यांच्या नियोजनावर ग्रंथ लिहून, एका माणसाच्या वाट्याला किती जागा आली की चालणे सुखाचे राहते आणि किती उरली की चेंगराचेंगरी होते, याच्या पायऱ्या बांधून दिल्या. १९९५ साली हेल्बिंग आणि मोल्नार यांनी गर्दीतील माणसाची चाल बलांच्या भाषेत मांडली: ध्येय त्याला ओढते, भिंत आणि अनोळखी माणूस त्याला दूर सारतात. जत्रा, रेल्वेस्थानके, मोठे उत्सव यांच्या आखणीला या गणिताचा उपयोग होतो. विभाग लहान करणे, घरातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारणे, प्रवासाचा प्रत्येक टप्पा वेगळा नोंदविणे, या सर्व सुधारणा आज शक्य आहेत.

तथापि गणितात कोणता माणूस धरला आहे हे पाहणे अगत्याचे. सिग्नलची वेळ ठरविताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. २४ मीटर रुंद रस्त्यास त्याला २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना ३० लागतील. मधल्या दहा सेकंदांत त्या रस्त्याच्या मध्यावर उभ्या असतात, आणि दिवा बदललेला असतो. आकडा चुकीचा नाही. तो फक्त आजीबाईंचा नाही.

कोणी म्हणेल, सायकली आता गेल्या त्या गेल्या. नेदरलँड्सचे उदाहरण याच्या उलट आहे. त्या देशातही युद्धोत्तर काळात मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि धोरण बदलले. १९७८ पासून तेथे लोकांच्या दैनंदिन हालचालींची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. तीत चालणे आणि सायकल यांना स्वतःचे रकाने आहेत. आज तेथील चतुर्थांशाहून अधिक प्रवास सायकलीने होतात. २००३ साली जेकबसन या अमेरिकन अभ्यासकाने निरनिराळ्या शहरांचे आकडे ताडून दाखविले की चालणारे आणि सायकलस्वार दुप्पट झाले तरी अपघात दुपटीने वाढत नाहीत, सुमारे एकतृतीयांशच वाढतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा धोका उलट घटतो. रस्त्यावर माणसे दिसू लागली की चालक सावध होतो.

आपल्या देशातही विचार झालेला नाही असे नव्हे. २००६ च्या राष्ट्रीय नगरवाहतूक धोरणाने रस्त्याची वाटणी करताना वाहन नव्हे, तर माणूस केंद्रस्थानी ठेवावा असे स्पष्ट सांगितले. २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरांच्या मार्गावर बसला, सायकलीला आणि पादचाऱ्याला स्वतंत्र जागा देण्याचा प्रयोग दिल्लीने केला. त्याच्या रचनेत दोष होते, हे मान्य. परंतु जी चर्चा झाली ती मुख्यत्वे मोटारी किती वेळ खोळंबल्या याचीच झाली. बसमधून किती माणसे लवकर पोचली, हा प्रश्न मागे पडला. २०१६ मध्ये तो मार्ग उखडण्यात आला. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आपल्यापैकी अनेकांचे मामा-काका तेथे सायकलीने कॉलेजात गेले. ती ओळख पुसट झाल्यावर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळण्याची प्रथा सुरू केली. एक दिवस म्हणजे काही तीनशे पासष्ट नव्हेत, परंतु त्या दिवशी रस्त्याला माणसे दिसतात. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तत्त्व आता निःसंदिग्ध आहे. कमी आहे ती मोजणी. कारण कचेरीत हक्काला आकड्याची जोड लागते, हे आम्ही तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे एक सूचना ठेवीत आहोत. मंडळाने एक मोजणी करावी. त्यास यंत्र नको, निधी नको. चार सभासद, चार पाट्या आणि पेन्सिली. वर्तुळमार्गावरील त्या पुलाच्या दोन्ही टोकांना, एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी, सकाळी आणि सायंकाळी दोनदोन तास बसावे. दर पंधरा मिनिटांस नवी ओळ. रकाने असे: पुरुष, स्त्रिया, मुले, वृद्ध, पुलावरून गेलेले, पुलाखालून धावत गेलेले, आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना, पायऱ्यांपर्यंत येऊन परत फिरलेले.

दुसरा भाग घरोघरचा. पन्नास वर्षांपूर्वी संस्थापक ज्या दारांवर गेले, त्याच वसाहतींत आपण पुन्हा जावे. या वेळी पावतीपुस्तकाबरोबर एक कागद न्यावा. ‘काल आपण कोठे गेलात?’ हा प्रश्न त्यावर असावाच. पण त्याखाली, कोणत्याही सरकारी पाहणीत आम्हांस आजवर न आढळलेला, दुसरा प्रश्न असावा: ‘आपण कोठे जावयाचे सोडून दिले, आणि केव्हापासून?’ हा प्रश्न कुटुंबप्रमुखाला न विचारता घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला आणि सर्वांत लहान मुलाला विचारावा. उत्तरे एकत्र करून संबंधित खात्यास निवेदन द्यावे. त्याचे कोष्टक करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. आणि ते पानात मावले नाही, तर पान मोठे घेऊ.

आमच्या परंपरेत चालण्याला कधी कमीपणा मानलेला नाही. आषाढीला लाखो माणसे पायी पंढरीस जातात, आणि त्या वाटेवर मुक्कामापासून पाण्यापर्यंत सर्व योजना चालणाऱ्याच्या पावलाच्या बेताने केलेली असते. मैल मोजताना तेथे कोणी म्हातारी मागे राहत नाही, कारण दिंडी तिच्या चालीने चालते. आपल्या नगरांची रचना त्या दिंडीकडून एवढी एकच गोष्ट शिकली तरी पुष्कळ झाले.

पुढील गणेशोत्सवापूर्वी ही मोजणी पुरी व्हावी आणि एखाद्या वर्षी तरी अण्णांना मंडपात पायी येता यावे, ही इच्छा व्यक्त करून, आणि मंडळाच्या शताब्दीकडील वाटचालीस शुभेच्छा देऊन, आम्ही आपली रजा घेतो.